पोचलंच नाही, की चाललं नाही?

सर्दीची एक जुनी गोळी घेतली की तासाभरात डोळे मिटायला लागतात. दुसरी एक नवी गोळी घेऊन मात्र तुम्ही आरामात तीन तासांचा पेपर लिहून येता. एव्हिल हे पहिल्या जातीचं नाव, घराघरातल्या डब्यात असलेलं. दुसऱ्या जातीतलं फेक्सोफेनाडिन, म्हणजे दुकानात आपण अलेग्रा म्हणून मागतो ते. दोन्ही गोळ्यांचं काम एकच, हिस्टामिन नावाच्या रसायनाचा रस्ता अडवणं. फरक इतकाच की जुनी गोळी थेट मेंदूत शिरते, आणि नवीला मेंदूच्या दारातून जवळजवळ परत पाठवलं जातं. सर्दीसाठी हे झकास आहे. नाक वाहतंय, तर औषधाला मेंदूत काय काम?

पण आजारच मेंदूत असेल तर?

या एका प्रश्नाने औषधं शोधणाऱ्या केमिस्ट लोकांची आख्खी करिअर्स खाल्ली आहेत. बारावीनंतर बायोशी काडीमोड घेतलेल्या माझ्यासारख्या मास कॉमवालीकडे हा विषय आला, तेव्हा पहिले दोन दिवस नुसती नावं उच्चारण्यात गेले. पण वाचता वाचता एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. ‘औषध चाललं नाही’ आणि ‘औषध पोचलंच नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, कारण पेशंट बरा होत नाही. यातलं खरं वाक्य कोणतं ते ओळखण्यावर काही लोकांच्या आयुष्याची वर्षं अवलंबून असतात.

दोन मिनिटं केमिस्ट्री

एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं ‘विकर’. शरीरातली जवळपास प्रत्येक रासायनिक क्रिया कुठल्या ना कुठल्या एन्झाइमच्या हाताखालून जाते. प्रत्येक एन्झाइमला एक खाच असते. कच्चा माल त्या खाचेत बसतो, काम होतं, माल बाहेर पडतो. एखादं एन्झाइम नको तितकं काम करायला लागलं, की त्या खाचेत एक बनावट तुकडा नेऊन अडकवायचा. तो तुकडा म्हणजे इनहिबिटर. ॲस्पिरिन हेच करतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्याही हेच करतात. यातले बहुतेक तुकडे म्हणजे ‘छोटे रेणू’. ॲस्पिरिनचं वजन १८० डाल्टन, आणि अशा बहुतेक गोळ्या ५०० डाल्टनच्या आतबाहेर. इन्सुलिन याच मापात ५,८०० च्या आसपास जातं आणि अँटिबॉडी दीड लाखाच्या घरात. मेंदूत शिरायचं तर छोटं असणं ही पहिली अट आहे. पण ती नुसती पहिलीच.

निळा रंग आणि एक चुकीचा निष्कर्ष

हे दार आहे हे माणसाला कळलं कसं, ती गोष्ट भारी आहे. १८८५ मध्ये पॉल एअर्लिश हे जर्मन शास्त्रज्ञ प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून बघत होते. (पुढे १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेही वेगळ्याच कामासाठी.) सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. एअर्लिशनी अर्थ लावला की मेंदूच्या पेशींना हा रंग धरत नसावा. म्हणजे आपल्या भाषेत, ‘चाललं नाही’.

१९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी प्रयोग उलटा केला. रंग रक्तात न सोडता मेंदू आणि मणक्याभोवतीच्या पाण्यात सोडला. मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं! म्हणजे मेंदूला रंग चांगला धरत होता, तो तिथपर्यंत जातच नव्हता. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी होतं.

ते ‘काहीतरी’ म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्यांची भिंत. या बारीक नळ्या एकापुढे एक ठेवल्या तर सुमारे सहाशे किलोमीटर भरतील असा अंदाज आहे, म्हणजे रस्त्याने साधारण मुंबई ते गोवा. शरीरात इतर ठिकाणी या नळ्यांच्या पेशींमध्ये फटी असतात, त्यातून बारीकसारीक गोष्टी झिरपतात. मेंदूत या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की फटच उरत नाही. आत जायचं तर पेशीच्या आरपारच जावं लागतं. पेशीचं आवरण तेलकट असल्यामुळे पाण्याला फार चिकटणारा रेणू तिथेच अडतो.

बरं, रेणू तेलकट केला, आरपार गेला, तरी काम संपत नाही. भिंतीच्या पेशींमध्ये पंप बसवलेले आहेत. त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन. सोसायटीचा वॉचमन डिलिव्हरीवाल्याला लिफ्टपर्यंत येऊ देतो आणि तिथून हाताला धरून गेटबाहेर सोडतो ना, तसं. अलेग्राला परत पाठवणारा तो हाच.

हा वॉचमन किती महत्त्वाचा आहे ते ॲमस्टरडॅममध्ये चक्क योगायोगाने कळलं. नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये आल्फ्रेड शिंकेल आणि सहकाऱ्यांनी हा पंप नसलेले उंदीर तयार केले होते. उंदीर मस्त होते, खातपीत होते, दिसायला काही फरक नाही. मग प्राणिघरात बारीक किडे झाले, म्हणून सगळ्या उंदरांवर आयव्हरमेक्टिन फवारलं. हो, तेच कोविडच्या काळात व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोचलेलं औषध. साध्या उंदरांना काहीच झालं नाही. पंप नसलेले उंदीर मेले. तपासल्यावर त्यांच्या मेंदूत साध्या उंदरांपेक्षा जवळपास ९० पट आयव्हरमेक्टिन सापडलं. हा पेपर १९९४ चा, आणि औषधांच्या दुनियेत तो आजही सांगितला जातो. म्हणजे आपल्या मेंदूला रोज कशाकशापासून वाचवलं जातं, याचा आपल्याला पत्ताही नसतो. म्हणूनच ‘मग तो पंपच बंद करा की’ हा उपाय कागदावर छान दिसला तरी सोपा नाही. वॉचमनला सुट्टी दिली की सगळेच आत येतात.

चार वर्षांत औषध, आणि मग...

आता खरी गोष्ट.

२००७ मध्ये जपानच्या हिरोयुकी मानो यांच्या टीमने फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटलेली शोधली. त्या जोडाजोडीतून एएलके नावाचं एक एन्झाइम कायमचं चालू राहतं, बटण दाबून धरल्यासारखं, आणि पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ सांगत बसतं. फुप्फुसाच्या कॅन्सरचा जो मोठा गट आहे, त्यात असे रुग्ण ३ ते ५ टक्के. त्यातले बरेच जण कधीही सिगारेट न ओढलेले आणि इतर फुप्फुस-कॅन्सर रुग्णांपेक्षा तरुण.

योग असा की फायझर कंपनीकडे क्रिझोटिनिब नावाचा एक रेणू आधीच हाताशी होता. तो दुसऱ्याच एन्झाइमसाठी बनवलेला, पण एएलकेच्या खाचेतही चपखल बसत होता. २०११ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. शोध लागल्यापासून चार वर्षांत औषध दुकानात, या क्षेत्रात हा वेग म्हणजे राजधानी एक्स्प्रेस. गाठी आक्रसल्या, अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली.

आणि मग साधारण वर्षाच्या आसपास अनेकांचा आजार परतायला लागला. एका मोठ्या चाचणीत क्रिझोटिनिबवर आजार रोखला जाण्याचा मधला काळ १०.९ महिने होता. परतण्याची एक लाडकी जागा होती मेंदू. छातीचं स्कॅन स्वच्छ आणि डोक्यात नव्या गाठी, असे पेशंट डॉक्टरांसमोर यायला लागले. घरच्यांना हे कसं समजावून सांगायचं, विचार करा. औषध चालतंय, पण चालत नाहीये.

२०११ मध्येच एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या रक्तात क्रिझोटिनिब होतं मिलिलीटरमागे २३७ नॅनोग्रॅम. मणक्यातून काढलेल्या, मेंदूभोवती फिरणाऱ्या पाण्यात ०.६१६. म्हणजे जवळजवळ चारशेवा भाग! इथे एक बारीक मेख आहे. रक्तातलं ९० टक्क्यांहून जास्त क्रिझोटिनिब प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि चिकटलेला रेणू काम करत नाही. त्यामुळे तुलना करायची ती मोकळ्या रेणूंची. ते चिकटलेले वजा केले तरी मेंदूच्या बाजूला औषध तीसेक पटींनी कमीच भरतं. एन्झाइम तेच होतं, खाच तीच होती. बनावट तुकडा पुरेशा संख्येने तिथवर जातच नव्हता. गोल्डमानचा निळा रंगच जणू.

‘मोकळे रेणू मोजा’ ही गोष्ट आज ऐकायला साधी वाटते. पण कितीतरी वर्षं केमिस्ट मेंदूतलं एकूण औषध मोजत आणि खूश होत. रेणू जितका तेलकट कराल तितका तो मेंदूत जास्त सापडतो, हे खरं. पण मेंदूही चरबीने भरलेला आहे, रेणू तिथेच चिकटून बसतो. विरारच्या गाडीत चढलात खरे, पण गर्दीत असे रुतलात की दादरला उतरताच येईना, तर चढून उपयोग काय? स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या मार्गारेटा हामरलुंड-उडेनेस यांच्यासारख्या संशोधकांनी मेंदूतले मोकळे आणि रक्तातले मोकळे यांचं गुणोत्तर हेच माप म्हणून लावून धरलं. गुणोत्तर एकच्या जवळ असेल तर दार उघडं. शून्याच्या जवळ असेल तर वॉचमन जागा आहे.

शेपूट वळवून तोंडाला जोडली

फायझरच्याच कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या केमिस्टांनी नवा रेणू शोधायला घेतला, तेव्हा दोन अटी एकदमच ठेवल्या. एन्झाइमने कितीही रूप बदललं तरी खाचेत बसला पाहिजे, आणि मेंदूत शिरला पाहिजे. दुसरी अट ‘नंतर बघू’ म्हणून मागे टाकली नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. प्रत्येक नव्या रेणूची परीक्षा दोन्ही विषयांत व्हायची. एकीकडे एन्झाइमवर ताकद किती. दुसरीकडे पेशींच्या एका पातळ थरातून तो किती आरपार जातो आणि पंप त्याला किती मागे ढकलतो. हा थर सहसा कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पेशींचा असतो, त्यात माणसाचा पंप बसवलेला. थराच्या एका बाजूने औषध घालायचं, दुसऱ्या बाजूला मोजायचं. मग उलट दिशेने. परत येण्याचा वेग जाण्याच्या वेगापेक्षा खूप जास्त निघाला, तर रेणू नापास.

अडचण अशी की या दोन विषयांचं आपसात वैर असतं. खाचेत घट्ट बसायला रेणूला ‘हात’ लागतात, म्हणजे नायट्रोजनवरचे हायड्रोजन वगैरे, जे समोरच्याला धरून ठेवतात. नेमके हेच हात वॉचमनला आवडतात. हात वाढवले तर दारात पकडला जातो. हात कापले तर खाचेतून निसटतो.

टीमने एन्झाइमच्या खाचेत बसलेल्या जुन्या रेणूंची स्फटिकरचना बघितली. रेणू तिथे इंग्रजी ‘यू’सारखा वाकून बसत होता, दोन टोकं एकमेकांजवळ आलेली. मग त्यांनी बाहेर लोंबणारी लांब शेपूट काढून टाकली आणि दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकली. झालं कडं! कड्याला वळवळायला जागा नसते. तो आधीपासूनच हव्या त्या आकारात असतो, त्यामुळे कमी हातांतही घट्ट बसतो. वजनही उतरलं, क्रिझोटिनिबचं ४५० आणि या नव्याचं ४०६. २०१४ मध्ये टेड जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी हा रेणू जगापुढे मांडला. त्याचं नाव लॉर्लाटिनिब, अमेरिकेत पहिली मंजुरी नोव्हेंबर २०१८.

पुढे ‘क्राउन’ नावाच्या चाचणीत २९६ रुग्णांना, आधी काहीच उपचार न झालेल्यांना, दोनपैकी एक औषध दिलं. पाच वर्षांचे आकडे २०२४ मध्ये आले. आजार पुढे न सरकता पाच वर्षं काढण्याचं प्रमाण लॉर्लाटिनिबवर ६० टक्के, क्रिझोटिनिबवर ८ टक्के. फक्त मेंदूचं बघितलं तर तिथला आजार न वाढण्याचं प्रमाण ९२ टक्के विरुद्ध २१ टक्के. हा सगळा फरक दारामुळेच पडला असं म्हणता येणार नाही, कारण नवा रेणू एन्झाइमच्या बदललेल्या रूपांनाही पुरून उरतो. पण ९२ आणि २१ मधल्या अंतराचा मोठा हिस्सा मेंदूच्या गेटवर ठरला, हे उघड आहे. पाच वर्षं म्हणजे काय? एखाद्याच्या मुलीचं अकरावी ते ग्रॅज्युएशन.

आत शिरलेला पाहुणा मात्र पाहुण्यासारखा वागेलच असं नाही. लॉर्लाटिनिब घेणाऱ्या काही रुग्णांना शब्द आठवत नाहीत, लक्ष लागत नाही, मूड वरखाली होतो, कधी भास होतात. कोलेस्टेरॉल तर बहुतेकांचं चढतं. डोस कमी केला की मेंदूचे त्रास सहसा ओसरतात. तरी एखादा शिक्षक किंवा अकाउंटंट रोज सकाळी ही गोळी घेतो, तेव्हा तो कशाच्या बदल्यात काय देतोय हे त्याला आधी सांगायला हवं. घरच्यांनाही. चिडचिड गोळीची आहे की माणसाची, हे त्यांनी कसं ओळखायचं? आणि इतकं सगळं साधलेला हा रेणू महाग आहे, ही आपल्याकडची वेगळीच भिंत. तिच्यावर रसायनशास्त्रात उत्तर नाही.

ऑपरेशन टेबलवर मिळालेलं उत्तर

‘पोचलं का’ हे मणक्यातल्या पाण्यावरून ओळखणं म्हणजे शेवटी अंदाजच. व्होरासिडेनिबच्या वेळी एक पाऊल पुढे गेले. मेंदूत हळूहळू वाढणाऱ्या काही गाठींमध्ये आयडीएच नावाचं एन्झाइम बिघडलेलं असतं आणि ते एक घातक रसायन बनवत राहतं. या गाठी बऱ्याचदा विशी ते चाळिशीतल्या माणसांना होतात. पहिली खूण कधी कधी अचानक आलेली फिट. याच एन्झाइमवरचं आधीचं औषध, आयव्होसिडेनिब, २०१८ मध्ये रक्ताच्या कॅन्सरसाठी आलं होतं. मग ज्यांचं मेंदूचं ऑपरेशन ठरलंच होतं अशा रुग्णांना काही आठवडे आधी दोनपैकी एक औषध दिलं आणि काढलेल्या गाठीतच मोजलं, औषध किती आहे, घातक रसायन किती उरलंय. दोन्ही औषधांनी रसायन घटवलं, पण मेंदूसाठी म्हणून घडवलेल्या व्होरासिडेनिबची आत पोच जास्त होती आणि परिणाम अधिक एकसारखा. पुढच्या चाचणीत ३३१ रुग्ण होते. गाठ पुढे न वाढण्याचा मधला काळ औषधावर २७.७ महिने, नुसत्या साखरेच्या गोळीसारख्या प्लासिबोवर ११.१. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

पोचलं, बसलं, तरीही

इथवर वाचून वाटेल की गेट जिंकलं म्हणजे मॅच जिंकली. तर आता अल्झायमरकडे या.

अल्झायमरच्या मेंदूत अमायलॉइड नावाचा गाळ साठतो. तो तयार करणाऱ्या कात्रीचं, म्हणजे बेस-१ या एन्झाइमचं, नाव-गाव १९९९ मध्ये कळलं. जगभरच्या कंपन्या तुटून पडल्या. कात्रीची खाच ऐसपैस, ती भरायला मोठा रेणू लागतो आणि मोठ्या रेणूला वॉचमन हाकलतो. वर्षानुवर्षं हीच कुस्ती चालली. अखेर मर्क कंपनीचं व्हेरुबेसेस्टॅट या सगळ्यातून पार पडलं. गोळी तोंडाने घ्यायची, मेंदूत जायची, मणक्यातल्या पाण्यात अमायलॉइड ६० टक्क्यांहून जास्त घटलेलं दिसायचं. केमिस्ट्री म्हणून बघितलं तर डिस्टिंक्शन.

सौम्य ते मध्यम आजाराच्या १,९५८ रुग्णांवर चाचणी झाली. उपयोग दिसत नाही म्हणून फेब्रुवारी २०१७ मध्ये ती थांबवली. कदाचित उशीर झाला असेल, म्हणून आजाराच्या अगदी सुरुवातीच्या लोकांवर दुसरी चाचणी सुरू होती. तीही फेब्रुवारी २०१८ मध्ये थांबली, आणि तिथे औषध घेणाऱ्यांची स्मरणशक्तीच्या काही चाचण्यांत अवस्था प्लासिबोवाल्यांपेक्षा किंचित वाईट निघाली. ही कात्री मेंदूत इतर प्रथिनंही कापते, कदाचित ती कापाकापी गरजेची असावी, असा एक तर्क आहे.

हजारो कुटुंबांनी वर्षं दिली आणि हाती शून्य, असं म्हणावंसं वाटतं. मला ते पटत नाही. या ‘नाही’ला किंमत आहे, कारण औषध पोचलं होतं याचा पुरावा हातात होता. पोचल्याचा पुरावा नसता तर पुढची दहा वर्षं लोक म्हणत राहिले असते की रेणू जरा सुधारा, डोस वाढवा, अजून एक चाचणी करा. आणि अजून हजारो म्हातारी माणसं त्या रांगेत उभी राहिली असती.

जो आत जात नाही, तोच कामाचा

याच्या बरोब्बर उलटं एक औषध आहे, आणि ते कदाचित तुमच्या ओळखीच्या एखाद्या आजोबांच्या डब्यात असेल. पार्किन्सन्समध्ये मेंदूत डोपामिन कमी पडतं. डोपामिनच द्यावं तर ते दार ओलांडत नाही. पण त्याचा कच्चा माल, लेव्होडोपा, ओलांडतो. तो भिंतीतून झिरपत नाही. अमिनो आम्लांना आत नेणारी एक खास वाहतूक भिंतीत असते, तो चक्क त्या गाडीत बसून जातो. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोटझियास यांनी मोठ्या डोसात तोंडाने लेव्होडोपा देऊन थिजलेली माणसं चालती केली. पण एक एन्झाइम लेव्होडोपाचं डोपामिन मेंदूबाहेरच, आतड्यात आणि रक्तात करून टाकत होतं. त्यामुळे भरमसाट डोस लागायचा आणि उलट्यांनी माणूस हैराण व्हायचा.

उपाय म्हणून त्या एन्झाइमचा इनहिबिटर हवा होता, पण मेंदूत अजिबात न जाणारा. मेंदूत गेला तर तिथलं एन्झाइमही बंद पडेल आणि सगळंच मुसळ केरात. कार्बिडोपा हा तो रेणू. दाराबाहेर अडतो हीच त्याची लायकी. त्याच्या जोडीने लेव्होडोपाचा डोस सुमारे ७५ टक्क्यांनी खाली आला. अमेरिकेतलं ब्रँडचं नावच ‘सिनेमेट’, लॅटिनमध्ये ‘उलटीविना’ अशा अर्थाचं. आपल्याकडे हीच जोडी सिंडोपा वगैरे नावांनी मिळते. जेवणात डाळ-पनीर-अंडी भरपूर असतील तर काही रुग्णांमध्ये गोळी नीट लागू पडत नाही, त्याचं कारणही तीच गाडी. प्रथिनांतली अमिनो आम्लं आधी जागा पकडून बसतात.

लेव्होडोपा आपल्या रानातही उगवतो. अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा करणारी खाजकुइली, आयुर्वेदातली कपिकच्छू. तिच्या बियांतून तो १९३७ मध्ये मद्रासमध्ये वेगळा केला गेला. पण बीमध्ये कार्बिडोपा नसतो. त्यामुळे कुणी आजोबांना परस्पर चूर्ण सुरू करायला निघालं असेल, तर आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. दोन्हीकडून लेव्होडोपा गेला तर हिशेब बिघडतो.

अंड्यातला बलक

एवढं वाचून कुणाला स्वतः हात घालून बघायचा असेल तर लॅब लागत नाही. २०१० मध्ये फायझरच्या ट्रॅव्हिस वेगर यांच्या टीमने मेंदूत जाणाऱ्या औषधांसाठी शून्य ते सहा अशी एक मार्कलिस्ट काढली. तेलकटपणा दोन तऱ्हांनी मोजायचा, त्याशिवाय वजन, ‘हात’ किती, पृष्ठभागाचा किती भाग पाण्याला चिकटतो आणि अल्कलीपणा. चार किंवा जास्त मिळाले तर रेणू बरा. बाजारात असलेल्या ११९ मेंदूच्या औषधांना लावून बघितली तेव्हा ७४ टक्के पास झाली. म्हणजे चौथा हिस्सा नापास होऊनही दुकानात आहेच, हे एटीकेटीवाल्यांनी नोंदवून ठेवावं.

आणखी मजेदार म्हणजे स्विसएडीएमई नावाचं फुकट साधन, स्वित्झर्लंडमधलं. बी.फार्म.च्या पोरांना ते माहीत असतं, बाकीच्यांनीही उघडायला हरकत नाही. रेणूचं सूत्र टाकलं की एका उकडलेल्या अंड्याच्या चित्रात ठिपका पडतो. पांढऱ्यात पडला तर तो आतड्यातून रक्तात जाईल. पिवळ्या बलकात पडला तर भिंतीतून झिरपून मेंदूत जाईल. ठिपका निळा असेल तर पंप त्याला बाहेर फेकेल, लाल असेल तर नाही. एव्हिल टाका, अलेग्रा टाका, लॉर्लाटिनिब टाका, तासभर छान जातो.

मग लेव्होडोपा टाका. पन्नासेक वर्षं पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत रोज जाणारा तो रेणू बलकाच्या बाहेर पडतो. अंड्याला झिरपणं कळतं, गाडीत बसून जाणं कळत नाही.